पिकअपच्या पुढच्या डिस्क: टर्निंग करून घ्यायच्या की नव्या टाकायच्या?

माल भरलेली पिकअप घाट उतरत असताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरतं, पेडल पायाखाली वर-खाली होतं. गॅरेजमध्ये गेलं की निदान ठरलेलं: ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दोन्हीकडून दाबतात ती बिडाची तबकडी, वाकडी झाली. मग हिशेब सुरू होतो. लेथवर टर्निंग करून घेतलं, म्हणजे डिस्कचा वरचा पातळ थर कापून ती सपाट केली, तर थोडक्यात भागतं. नव्या डिस्कची जोडी आणि सोबत पॅड घ्यायचे म्हटलं तर खिशाला चांगलीच कात्री लागते. बोलेरो पिकअप, योद्धा, डी-मॅक्स एस-कॅब अशा गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, म्हणजे हा निर्णय पुढच्या जोडीचाच असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज माल वाहणाऱ्या पिकअपला नव्या, साध्या, ओरिजिनल डिस्क टाकाव्यात. टर्निंग ठरावीक परिस्थितीतच परवडतं. आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) साफ केला नाही आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) तो ज्यांवर सरकतो त्या पिना तपासल्या नाहीत, तर थरथर परत येणारच.

आधी खात्री: दोष पुढच्या डिस्कचाच आहे का?

ब्रेक न मारताही ८०-९० च्या वेगात स्टेअरिंग हलत असेल तर आधी बॅलन्सिंग करून घ्या, टायर बघा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि ती हातात जाणवत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर. सीटखाली आणि पेडलमध्ये जाणवते, पण स्टेअरिंग शांत आहे, असं असेल तर मागचे ड्रम गोल राहिलेले नसण्याची शक्यता जास्त. याची परीक्षा सोपी आहे. रिकाम्या, सपाट, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, २५-३० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळूच ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे तेव्हाही थरथर आली तर पुढच्या डिस्कवर पैसे घालवण्याचं कारण नाही. ड्रमचं टर्निंग मात्र बिनधास्त करा. ड्रम जाड असतो, त्याच्यावर लिहिलेल्या कमाल व्यासाच्या आत काम होत असेल तर लेथवरचा खर्च पुरेपूर वसूल होतो.

एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं, ती त्या यंत्रणेची नेहमीची हालचाल आहे. आणि टाय रॉड एंड, बॉल जॉइंट हे स्टेअरिंग-सस्पेन्शनचे सांधे किंवा व्हील बेअरिंग ढिले असतील तर डिस्कचा बारीकसा दोषही दसपट होऊन हातात येतो. जॅकवर चाक उचलून हलवून बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देणारा मेकॅनिक शोधा.

आत काय बिघडतं

बिडाची डिस्क तापून ताटासारखी वाकली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. माणसाच्या केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ०.०२ मि.मी. एवढा फरक पडला तरी पेडल नाचायला लागतं. डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. म्हणून डिस्ककडे नुसतं बघून किंवा बोट फिरवून निकाल देणाऱ्यावर विसंबू नका. मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) सात-आठ ठिकाणी जाडी मोजून घ्या आणि डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून डिस्क फिरताना किती डुलते ते बघा. हे डुलणं बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या आतच चालतं.

जाडीतला फरक दोन वाटांनी येतो. पहिली वाट बसवण्यातली. हबच्या तोंडावर गंजाचा थर राहिला, किंवा पंक्चरच्या दुकानात एअर गनने एक नट करकचून आणि दुसरा बेताने आवळला, की डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक मारलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होतो. नवी डिस्क टाकल्यावर सुरुवातीला गाडी मऊ चालते आणि तीन-चार महिन्यांनी थरथर परत येते, ती यामुळे. दोष दुकानदाराच्या मालात नसतो, खालच्या गंजात असतो.

दुसरी वाट उष्णतेची. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजी नेणारी किंवा नारायणगावहून माळशेजमार्गे कल्याणकडे टोमॅटो उतरवणारी पिकअप डोळ्यासमोर आणा. मालासकट तीन टन वजन ५०० मीटर खाली उतरतं, तेव्हा सुमारे चार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गिअर खालचा असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन पेलतं. टॉप गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरलं तर जवळजवळ सगळी ऊर्जा डिस्क आणि ड्रममध्ये जाते. तापलेल्या डिस्कवर पॅडचा मसाला चिकटतो. त्यात पायथ्याशी चेकनाक्यावर पाय ब्रेकवर दाबून गाडी उभी केली, की पॅडचा अक्षरशः ठसा उमटतो. त्या ठशाच्या जागी घर्षण वेगळं, म्हणून ती जागा दर वेळी जास्त तापते, आणि शेवटी तिथलं बीडच बदलून कडक होतं. डिस्कवर निळसर-काळे डाग दिसतात ते या जातीचे. ही खूण लक्षात ठेवा, पुढचा निर्णय बराचसा तिच्यावर आहे.

आणखी एक जागा, जिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपाशी, लोडनुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी तुटली, वाकली किंवा कमानी (मागच्या पाट्यांच्या स्प्रिंग) वाढवल्यावर तिचं सेटिंग तसंच राहिलं, तर माल भरलेला असतानाही मागचे ब्रेक अर्धवटच लागतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. अशा गाडीत कितीही चांगल्या डिस्क टाका, त्या भाजूनच निघणार.

टर्निंग: कुठे चालतं, कुठे नाही

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. नवी डिस्क आणि ती किमान जाडी यांत साधारण दोन मि.मी.चाच फरक असतो. टर्निंगमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून पाऊण मि.मी. सहज जातो. म्हणजे लाखभर किलोमीटर झालेल्या डिस्कला लेथवर चढवण्याइतकं मांस बहुधा उरलेलंच नसतं. किमान आकड्याला जेमतेम टेकेल इतकं टर्निंगही कामाचं नाही, कारण पुढचे पॅड संपेपर्यंत डिस्क आणखी झिजणार आहे. शिवाय लोखंड कमी म्हणजे तेवढ्याच उताराला डिस्क जास्त तापणार. शहरातल्या कारमध्ये हे खपून जातं. दीड टन माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत खपत नाही.

निळे डाग पडलेल्या डिस्कला टर्निंग करूच नका. कडक झालेल्या ठिपक्यावर लेथचं टूल उसळतं, वरवर पृष्ठभाग साफ दिसतो, पण कडक भाग आत खोलवर असतो. बाजूचं मऊ बीड झिजलं की तो ठिपका पुन्हा वर येतो. डिस्कला कडेपर्यंत गेलेली भेग असेल तर विषय तिथेच संपला, ती भंगारात.

आता लेथ-लेथमध्येही फरक आहे. साध्या टर्नरकडे डिस्क सोडवून नेली, तर तो ती त्याच्या चकमध्ये (लेथच्या पकडीत) बांधून खरी करतो. ती तुमच्या हबवर बसल्यावर खरी राहीलच असं नाही. शिवाय पोकळ डिस्कच्या (मधून हवा खेळायला जागा असलेल्या) दोन्ही बाजू एकाच बांधणीत कापल्या नाहीत तर जाडीतला फरक तिथेच नव्याने तयार होतो. याउलट गाडीवरच बसवायचं डिस्क लेथ मशीन असतं. ते डिस्कला तिच्याच हबवर फिरवून कापतं, त्यामुळे हबची उणीवही त्यात सामावली जाते. असं मशीन काही मोठ्या वर्कशॉपमध्येच मिळतं. जवळपास असेल, डिस्क जाड असेल आणि डाग नसतील, तर हा पर्याय मी नव्या डिस्कच्या बरोबरीचा मानतो.

एका प्रकारच्या गाडीत तर तो जास्त चांगला. काही पिकअपमध्ये डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने जोडलेली असते. ती काढायची म्हणजे हब उतरवा, बेअरिंग धुवा, नवं ग्रीस आणि सील घाला, बेअरिंगचा प्ले (मोकळीक) पुन्हा सेट करा. मजुरी वाढते, आणि बेअरिंग चुकीचं आवळलं गेलं तर नवाच त्रास मागे लागतो. तुमच्या गाडीत डिस्क कशी बसवली आहे हे भाव विचारण्याआधी विचारा.

नव्या डिस्क: कोणत्या?

दोन्ही बाजूंच्या एकदम टाका. एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी ठेवली तर ब्रेक एका अंगाला ओढतो. जुने पॅडही नव्या डिस्कवर लावू नका; जुन्या डिस्कच्या चऱ्या त्यांच्यावर उमटलेल्या असतात.

कंपनीच्या अधिकृत काउंटरवरची डिस्क आणि बाजारातली स्वस्त डिस्क यांत दिसायला फरक नसतो. मी दोन्ही वजनकाट्यावर ठेवायला सांगतो. स्वस्त डिस्क हलकी भरली तर तिच्यात बीड कमी आहे, उष्णता पेलण्याची ताकदही कमी. आतल्या हवेच्या पाकळ्या एकसारख्या जाडीच्या आहेत का, तेही उजेडात बघा. नामांकित ब्रेक उत्पादकांचा माल बाजारातून घ्यायला हरकत नाही, पण खोका आणि बिल दोन्ही हवं.

भोकं पाडलेल्या, चकचकीत डिस्कच्या नादी लागू नका. भोकाच्या कडेपासून भेगा सुरू होतात, आणि लोड घेऊन रोज तापणाऱ्या-थंड होणाऱ्या गाडीत त्या लवकर येतात. नुसत्या खाचा असलेल्या डिस्क त्या मानाने टिकतात, तरी पॅड लवकर खातात. व्यवसायाच्या गाडीला साधी, आतून पोकळ डिस्कच बरी.

बसवताना उभं राहून करून घ्यायची कामं

हबचं तोंड वायर ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने उघडं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुडाशीही. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं. डिस्क चढवल्यावर नट आवळून डायल गेज लावायचा; डुलणं जास्त आलं तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मोजायचं. बऱ्याचदा एवढ्यानेच आकडा निम्म्यावर येतो. कॅलिपरच्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत, पिस्टन मागे दाबताना अडखळला नाही पाहिजे. अडकलेला पिस्टन पॅड सतत टेकवून ठेवतो, आणि मग डिस्क सपाट रस्त्यावरही तापत राहते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला.

यानंतर नवे पॅड डिस्कवर जमवून घेणं. ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, थोडं अंतर चालवा, पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा, आणि शेवटी काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता डिस्क थंड होऊ द्या. पहिले काही दिवस पूर्ण लोडने घाट टाळता आला तर टाळा.

थरथर नुकतीच सुरू झाली असेल, डिस्क जाड असेल आणि डाग नसतील, तर हीच कामं जुन्या डिस्कवर आधी करून बघा: हब घासा, पिना मोकळ्या करा, नट नीट आवळा, वर सांगितल्याप्रमाणे ब्रेक मारत पॅड पुन्हा जमवून घ्या. ठसा ताजा असेल तर तो यात निघूनही जातो.

कोणी काय करावं

गाडी घाटातून भाजीपाला, विटा, सिमेंट ओढते, डिस्क किमान जाडीजवळ आहे किंवा निळे डाग आहेत: नव्या ओरिजिनल डिस्क, नवे पॅड, आणि मागचा लोड व्हॉल्व्ह तपासून घ्या. गाडी गावातल्या गावात दूध किंवा किराणा पोचवते, डिस्क निम्म्याहून कमी झिजली आहे: गाडीवरचं लेथ मशीन मिळालं तर टर्निंग, नाही तर आधी सफाई करून बघा. गाडी पुढच्या काही महिन्यांत विकायची आहे म्हणून डिस्क पातळ करून वेळ मारून नेणं मला पटत नाही. घेणारा माणूसही तीच गाडी भरून तोच घाट उतरणार आहे.

आणि भाव ठरवताना फक्त डिस्कचा दर विचारू नका. टर्निंग, वेगळी मजुरी, पॅड, आणि तीन महिन्यांनी परत आल्यास बुडणारा दिवसाचा धंदा, हे सगळं एका कागदावर मांडा. नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच टॉर्कला तपासून देण्याचं मेकॅनिककडून काम सुरू होण्याआधीच कबूल करून घ्या.