दिवाणाखालची रेल्वे: झेड स्केलसोबत 11 महिने

गेल्या डिसेंबरमध्ये पुतणी श्टुटगार्टहून आली तेव्हा तिच्या बॅगेत माझ्यासाठी एक खोकं होतं, बुटांच्या खोक्यापेक्षाही लहान. आत वाफेचं एक इंजिन, चार डबे, एक गोल पुरा होईल एवढे रूळ आणि ट्रान्सफॉर्मर. सगळं वापरलेलं, तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेलं. इंजिन करंगळीच्या दोन पेरांएवढं. भिंगाखाली धरलं तर चाकांना जोडणारे दांडेसुद्धा वेगळे दिसतात. तेव्हापासून जवळजवळ रोज रात्री त्यावर काम केलंय. आता कुठे लिहिण्याइतकं हाताशी आलंय.

झेड स्केल म्हणजे खऱ्या रेल्वेचा 220 वा भाग, दोन रुळांमधलं अंतर साडेसहा मिलिमीटर. जर्मनीत ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने 1972 मध्ये हे माप आणलं. आपल्याकडे बहुतेकांनी मॉडेल रेल्वे पाहिलेली असते ती पुण्यात, कोथरूडच्या जोशी संग्रहालयात. ती एचओ, म्हणजे 87 वा भाग. मीही तिथेच पहिल्यांदा खुळावलो. पण एचओमध्ये अगदी घट्ट वळण घेतलं तरी साधारण 36 सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे नुसता गोल 72 सेंटिमीटर रुंद. आमच्या दोन खोल्यांत ते बसवायचं कुठे? झेडमध्ये साडेएकोणीस सेंटिमीटर त्रिज्या चालते, गोल 39 सेंटिमीटरचा. माझं पूर्ण मांडणीचं फळकूट 90 बाय 60 आहे आणि दिवाणाखाली सरकतं. याहून लहान टी गेजही मिळतो, 450 वा भाग, रूळ तीन मिलिमीटरचे. त्याचा विचार केला, पण तिथे हाताने काही दुरुस्त करायला जागाच उरत नाही.

जागेच्या बाबतीत झेडला पैकीच्या पैकी. मेहनतीच्या बाबतीत मात्र ऐकून घ्या. स्केल लहान म्हणून काम लहान, असं अजिबात नाही.

पहिल्या दिवशी इंजिन हललंच नाही. नुसतं गुणगुणलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात तेल घट्ट होऊन डिंकासारखं बसतं. अशा वेळी व्होल्टेज वाढवत जायचा मोह होतो. तो टाळा, मोटर जळते. मी वरचं कवच काढून गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, टूथपिकवर कापूस गुंडाळून, हळूहळू साफ केले. मग तेल घातलं आणि तिथेच चुकलो. दोन थेंब घातले. दोन थेंब म्हणजे या इंजिनाला पूर आहे. तेल चाकांवर उतरलं, चाकांवरून रुळांवर पसरलं, त्यावर धूळ बसली आणि आठवड्याभरात सगळा गोल काळा. पुन्हा सगळं खोललं. आता शिवणकामाच्या सुईचं टोक तेलात बुडवतो आणि त्या टोकाला जेवढं चिकटेल तेवढंच एका जागी टेकवतो. चार महिन्यांतून एकदा. तेवढं पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं तर ते विजेबद्दल. इंजिन इतकं हलकं असतं की चाक रुळावर नीट दाबून बसत नाही. धुळीचा कण आला की वीज तुटते आणि गाडी अडखळते. पहिले दोन महिने मला वाटत होतं, इंजिन जुनं आहे, नवीन घ्यावं. ऑनलाइन किमती पाहून ठेवल्या होत्या, पाच आकडी रक्कम जाणार होती. त्याआधी सहज मल्टीमीटर लावला. जिथे वायर जोडली होती तिथे 8.2 व्होल्ट आणि गोलाच्या पलीकडच्या टोकाला, गाडी चालू असताना, 6.9. रुळांचे सांधे सैल पडून वाटेतच वीज गळत होती. इंजिन बिचारं निर्दोष होतं.

मग पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, बारीक वायर, 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायचा लेप) आणलं आणि गोलाला चार ठिकाणी खालून वायरी जोडल्या. इथे हात जड ठेवून चालत नाही. रूळ दीड मिलिमीटर उंच, आणि खालचे स्लीपर प्लास्टिकचे. तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर स्लीपर वितळून रूळ वाकतो. माझा एक तुकडा असाच गेला. नंतर रुळाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले, रुळाच्या बाहेरच्या अंगाला आधी कथलाचा ठिपका दिला, वायरच्या टोकालाही दिला आणि दोन्ही टेकवून एकदाच आयर्न लावलं. ‘चुर्र’ झालं की उचललं. चारही जोड झाल्यावर पलीकडच्या टोकाला मीटर लावला, 8.1. त्या रात्री तेच जुनं इंजिन न अडखळता अर्धा तास फिरलं. एवढं समाधान नवीन इंजिन घेऊनही मिळालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी सुधारणा वेगाची. सेटसोबतच्या ट्रान्सफॉर्मरवर गाडी एकदम उसळी मारून निघायची आणि आठ सेकंदांत फेरी पुरी करायची. माझा लंबगोल 188 सेंटिमीटरचा आहे. हिशोब केला तर हा वेग खऱ्या रेल्वेच्या मापात ताशी 186 किलोमीटर होतो. यार्डात डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या छोट्या शंटिंग इंजिनाला तो शोभत नाही. ताशी 60 किलोमीटरचा आभास हवा असेल तर त्याच फेरीला 25 सेकंद लागायला हवेत. त्यासाठी पीडब्ल्यूएम बोर्ड लावला, जो वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांनी देतो. त्यामुळे मोटरला सुरुवातीलाच धक्का मिळतो आणि तरीही ती हळू फिरते. आता गाडी स्टेशनातून सुटताना डबा-डबा ताणला जातो आणि मग शेवटचा डबा हलतो, अगदी खऱ्यासारखं.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. झेडच्या मोटरी 8 ते 10 व्होल्टच्या असतात, एचओचा जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावू नका. स्वस्त बोर्डाला शॉर्ट सर्किटचं संरक्षण नसतं. रुळावर चिमटा पडला आणि माझा पहिला बोर्ड गेला, आता अर्ध्या अँपियरचा फ्यूज आहे. आणि नव्या इंजिनांत बिनगाभ्याच्या (कोअरलेस) मोटरी असतात, त्या विजेचे तुकडे सावकाश पाडणाऱ्या पीडब्ल्यूएमवर गरम होतात. तुमचं इंजिन नवीन असेल तर साधा गुळगुळीत डीसी, म्हणजे सलग वीज, बरा.

खडीची गंमत वेगळी. खऱ्या रुळाखालचा 50 मिलिमीटरचा दगड इथे पाव मिलिमीटरहून कमी होतो. बारीक रव्याचा दाणा टाकला तर त्या हिशोबाने तो 11 सेंटिमीटरचा धोंडा! मी नदीची वाळू चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळली. चाळलेल्या वाळूवर सहज लोहचुंबक फिरवलं आणि त्याला काळ्या कणांची मिशीच फुटली. आपल्या बसाल्टच्या दगडातून आलेल्या वाळूत लोहयुक्त कण असतात. ते कण मोटरच्या चुंबकाने आत ओढले असते तर इंजिन कायमचं गेलं असतं. पंधरा वेळा चुंबक फिरवलं, मिशी येणं थांबलं तेव्हाच वाळू वापरली. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून तो ड्रॉपरने वाळूवर सोडला की ती पक्की बसते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ मात्र सुकी खडीसुद्धा नको. माझा एक सांधा फेविकॉलने असा चिकटला की ब्लेडने खरवडायला दोन रविवार गेले.

भोर घाट करायचं मनात होतं. कर्जत ते लोणावळा 1 ला 37 असा चढ आहे, म्हणजे 74 सेंटिमीटर जाऊन दोन सेंटिमीटर वर. फोमच्या पट्ट्या कापून तेवढाच चढ दिला. सपाटीवर चार डबे ओढणारं इंजिन तिथे दोनच डब्यांसाठी मान टाकतं, वळणावर तर चाकं जागच्या जागी फिरतात. खऱ्या घाटात कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, का लावतात हे तेव्हा हाताला कळलं. दुसरं इंजिन मागून लावून पाहिलं, पण दोघांचा वेग थोडाही वेगळा असला की मधला हलका डबा रुळावरून उडी मारतो. सध्या दोन डब्यांवरच भागवतोय.

भारतीय गाड्या झेडमध्ये तयार कुठे दिसल्या नाहीत, तेव्हा ती आशा ठेवून यात उतरू नका. आयसीएफचा, म्हणजे आपला जुन्या बनावटीचा प्रवासी डबा या मापात 97 मिलिमीटर होतो. मी पुठ्ठ्याचे दोन केले, आत शिशाची पट्टी चिकटवली तेव्हा ते वळणावर टिकले. आपला ब्रॉडगेज या मापात 7.6 मिलिमीटर यायला हवा, रूळ साडेसहाचे आहेत, पण हा फरक पट्टी लावल्याशिवाय कळत नाही. 16 एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांची आख्खी गाडी करायची म्हटली तर ती एक मीटर 71 सेंटिमीटर होते, माझ्या लंबगोलात तिचं तोंड शेपटीला लागेल.

रोजची देखभाल म्हणाल तर फळकुटावर जुनी चादर आणि चालवण्याआधी रुळांवरून अल्कोहोलचा फडका. सँडपेपर कधीच नाही, ओरखड्यांत मळ साठतो. चाकांसाठी टिश्यू पेपर भिजवून दोन्ही रुळांवर आडवा ठेवायचा, इंजिनाची पुढची चाकं त्यावर, मागची उघड्या चालू रुळांवर, आणि बोटांनी धरून चाकं फिरू द्यायची. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. पावसाळ्यात हे दिवसाआड करावं लागलं, बाकी वेळी आठवड्यातून एकदा. घरात लहान मूल असेल आणि त्याने स्वतः खेळावं अशी इच्छा असेल तर मी झेड सुचवणार नाही. एवढे बारीक भाग तोंडात जाण्याचीही भीती आहे. सोल्डरिंगची आवड असेल आणि जागा नसेल तर याहून चांगलं काही मला माहीत नाही.

पुतणी पुन्हा डिसेंबरमध्ये येतेय. इंजिन आणू का म्हणून विचारत होती. तिला रुळांच्या सांधपट्ट्यांची दोन पाकिटं आणि एक डावा सांधा लिहून पाठवलाय.