गाळ उचलणारा स्वस्तातला ठेकेदार

लोटे, महाड, रोहा या पट्ट्यात छोटा कारखाना चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. 'घातक कचरा उचलतो, कागदपत्रांसकट' म्हणत कुणी दारात आलं, तर आधी हे वाचा.

आमचं काम क्रोम प्लेटिंगचं. धुवणीच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, येतं. आम्ल घालून पीएच २-३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट करायचं, मग चुना मारून पीएच साडेआठ-नऊला नेला की हिरवट गाळ खाली बसतो. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या त्याच्या वड्या दिसतात साध्याच, पण कायद्याने तो घातक कचरा. मंडळाने मुदत वाढवून दिल्याशिवाय ९० दिवसांच्या वर आवारात ठेवायची सोय नाही, आणि ठेकेदार नेमका तिथेच चिमटा काढतो.

"साहेब, पावसाळा तोंडावर आलाय. शेडमध्ये पाणी शिरलं तर काय करणार? तळोज्याला माझी गाडी कायम असते."

तळोज्याला, म्हणजे तिथल्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात. दर नेहमीपेक्षा पुष्कळ कमी. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या, सातही रंगीत प्रती तोच भरून आणायचा. पिवळी आमच्याकडे राहायची, काही दिवसांनी निळीही यायची, सही-शिक्क्यासकट. निळी म्हणजे माल पोहोचल्याची पोच. ती विल्हेवाट केंद्राने आपल्याला पाठवायची असते. आम्हाला मात्र त्याचाच पोरगा आणून द्यायचा, वर चहा पिऊन जायचा.

मग एक दिवस वरच्या वाडीतले एक काका गेटवर आले. हातात आमच्या लेबलची फाटकी पिशवी. "ही तुमचीच ना हो? बंद चिरेखाणीत ढीग पडलाय. खाली आमची विहीर आहे."

जाऊन पाहिलं. जांभ्याच्या लाल तळावर हिरवी ढेकळं, पिशव्या फुटलेल्या, लेबलवरची तारीख स्वच्छ वाचता येत होती. जांभा सच्छिद्र, त्यात रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. काकांना काय सांगणार?

केंद्राला फोन लावला, तर आमच्या नावाने त्या काळात एकही गाडी आत गेलेली नव्हती. शिक्के बनावट. पण पैसे मोजले म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार पर्यावरणाच्या हानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही येते. ढीग उचलणं, खालची माती खरवडणं, सगळं रीतसर तळोज्याला पाठवणं, विहिरीचं पाणी तपासून घेणं, हा सगळा खर्च आमच्या माथी. ठेकेदाराचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे.

त्याला ओळखायच्या खुणा होत्या. त्याने कधी गाळाचा नमुना मागितला नाही. खरं केंद्र आधी नमुना तपासतं आणि मग ठरवतं: थेट सुरक्षित भरावात (कचरा पुरायच्या बंदिस्त खड्ड्यात) टाकायचा, की आधी सिमेंट-चुन्यात बांधून, की भट्टीत जाळायचा. न तपासता 'काहीही द्या, नेतो' म्हणणारा तो कुठे नेणार आहे, हे विचारायलाच हवं. दुसरी खूण वजनाची. ओला गाळ, वाटेत पाणी गळतं, दोन वजनकाटे (निघतानाचा आणि केंद्राचा) वेगळे; थोडाफार फरक पडतोच. याच्या दोन्ही काटा पावत्या किलोला किलो जुळायच्या!

आता केंद्राचं सभासदत्व थेट आमच्या नावावर आहे. गाडी सुटली की आमचा माणूस केंद्राच्या काट्यावर फोन करतो आणि पावतीचा फोटो तिथूनच मागवतो. वाहतूकदाराचा परवानाही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून घेतो, त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबत नाही.