फणसाचं टेबल, बाभळीची बाकं, आंब्याची फडताळं: एका पावसाळ्यानंतर

चिपळूणच्या घरासाठी सागवानाचा भाव काढला आणि तो विषय तिथेच संपला. पण प्लायवर सनमायका लावायचा नव्हता, लाकूडच हवं होतं. म्हणून जेवणाचं टेबल फणसाचं, बाकं बाभळीची आणि भिंतीतली फडताळं आंब्याची करून घेतली. होळीच्या सुमारास सामान घरात आलं. कोकणातल्या लाकडाबद्दल पावसाळा उलटल्याशिवाय बोलू नये, म्हणून आत्ता लिहितोय.

सगळ्यात आनंद दिलाय तो फणसाने. ताजा चिरलेला फणस पिवळाधमक असतो, इतका की पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग लावल्यासारखा वाटतो. उजेड लागला की तो हळूहळू तपकिरीकडे झुकतो. आमच्या टेबलावर आता मधासारखा रंग आलाय, खिडकीकडची बाजू जरा जास्त गडद. सुरुवातीचे काही महिने त्यावर टेबलक्लॉथ किंवा कायमची एखादी वस्तू ठेवू नका. झाकलेली जागा पिवळी राहते आणि डाग पडल्यासारखी दिसते.

वखारीत गेलात तर फळीचा रंग नीट बघा. मधला पिवळा गाभा टिकाऊ, वाळवीला सहसा दाद न देणारा. कडेचं पांढरट लाकूड मात्र किड्याला आवडतं. स्वस्तात मिळणाऱ्या फळ्यांना बरेचदा ही पांढरी कड सोडलेली असते. ती कापून टाकायची, पॉलिशखाली लपवायची नाही. आमच्या मिस्त्रींनी हे मोजमाप घेतानाच सांगितलं होतं, त्यामुळे माल थोडा जादा घेतला. हिशोब असा: ६ फूट बाय ३ फूट, १ इंच जाडीच्या टॉपला दीड घनफूट लागतं. पाय आणि खालची फ्रेम धरून अडीचच्या थोडं वर जातं. कटाई आणि ती पांढरी कड वजा जाणार म्हणून साडेतीन घनफूट घेतलं. सागाच्या तुलनेत निम्म्याहून कमी पैशांत काम झालं.

खरी परीक्षा जुलैत. टेपने मोजलं तेव्हा टॉपची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने वाढली होती, लांबी होती तेवढीच. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, उभ्या रेषेत जवळजवळ नाही. हे माहीत असलेला सुतार टॉप फ्रेमला पक्का चिकटवत नाही. आमच्या टेबलाला फ्रेममध्ये लांबट भोकं पाडून खालून स्क्रू आवळलेत, त्यामुळे टॉपला सरकायला जागा राहिली. ना चीर पडली, ना बाक आला. सुताराला काम देण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो.

लाकूड वाळलेलं असणं जातीपेक्षाही महत्त्वाचं. इंचभर जाडीची फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचली तर वाळायला वर्षभर धरावं. भट्टीत वाळवलेलं मिळालं तर उत्तमच. लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर हल्ली महाग नाही. कोकणात १२ ते १४ टक्के आकडा आला तर घ्या. वीसच्या वर असेल तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा.

बाभळीबद्दल तक्रार नाही. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्या लाकडाची होत आली, ते बाकाला काय कमी पडणार? जड आहे, एक बाक सरकवायला दोघं लागतात. खिळा थेट ठोकला तर वाकतो, आधी ड्रिलने भोक पाडावं लागतं. मजुरी त्यामुळे वाढते, हे धरून चला. ओला लोखंडी तवा एकदा बाकावर राहिला आणि काळा डाग पडला. लिंबू चोळून बराच फिका झाला.

आंब्याने मात्र थोडा त्रास दिला. रेषा सुंदर, भाव कमी, पण हे लाकूड किड्याचं लाडकं. किडा लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. तरी मे महिन्यात एका फळीखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली. ती फळी काढून टाकली, बाकीच्या ठीक आहेत. आंबा घ्यायचाच तर ही प्रक्रिया समोर करून घ्या आणि पलंगासारख्या भार सोसणाऱ्या वस्तूला वापरू नका. कपाटांच्या दारांना मी आता शिवणीचं लाकूडच निवडीन: हलकं, आणि नीट वाळलं की पीळ फारसा घेत नाही.

पॉलिश म्हणून जवसाचं तेल, वर मेण. ताटाचा चटका बसला की तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा तेल लावता येतं. चकचकीत कोटिंगमध्ये ही सोय नाही. तेलाचं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

अंगणातला फणस किंवा आंबा तोडून फर्निचर करायचा बेत असेल, तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. १९६४ च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही दोन्ही झाडं आहेत, आणि ओंडके सॉ मिलवर नेतानाही कागद लागू शकतात. वादळात पडलेलं झाड असलं तरी आधी चौकशी करा.