स्टार्ट-स्टॉप यंत्रणा: पेट्रोल वाचतं, पण हिशोब कुणाचा?

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, आणि क्लच दाबला किंवा ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू. इंधन बचतीचे नियम कडक होत गेले तशी ही यंत्रणा साध्या पेट्रोल गाड्यांपर्यंत पोचली. ती काम करते, आणि चांगलं करते. अडचण तिच्यामागच्या हिशोबात आहे. तो गाडीमालकाच्या पेट्रोलवरून मांडलेलाच नाही.

युरोपचा नियम बघा. 2020-21 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणायची होती. कंपनीने आपली मर्यादा ओलांडली तर वरच्या प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे 95 ग्रॅम गाठायला लिटरला 24 किलोमीटर मिळाले पाहिजेत. मर्यादेच्या वर असलेल्या कंपनीने स्टार्ट-स्टॉप लावून नव्या गाडीच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत 4 ग्रॅम कमी केले, तर गाडीमागे 380 युरो दंड टळला. त्यापेक्षा स्वस्तात बसणारा कोणताही भाग तिला परवडतो, मग मालकाचं पेट्रोल वाचो न वाचो.

त्यात चाचणीही सोयीची होती. युरोपच्या जुन्या चाचणीत, म्हणजे एनईडीसीमध्ये, गाडी जवळपास 24 टक्के वेळ जागेवर उभी असते, नव्या डब्ल्यूएलटीपीमध्ये सुमारे 13 टक्के. गाडी तीच, यंत्रणा तीच, पण कागदावरचा फायदा चाचणीबरोबर घटतो.

मालकाने आपला हिशोब असा करावा. लहान पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण 0.7 लिटर पितं, एसी चालू असेल तर जास्त. रोज खरोखर 20 मिनिटं इंजिन बंद राहिलं, तर 300 दिवसांत 100 तास, म्हणजे 70 लिटर. रोजची 5 मिनिटंच असतील तर जेमतेम 17. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कडक उन्हात आतली हवा तापली की इंजिन लगेच परत सुरू होतं, आणि इंजिन गार असताना किंवा बॅटरी उतरलेली असताना यंत्रणा मधे पडतच नाही. गर्दीच्या शहरात लांब सिग्नलवर थांबणाऱ्याला ती नक्की परवडते. हायवेवरच्या माणसाला जवळपास नाही.

खर्चाची बाजू मुख्यतः बॅटरीची आहे, आणि चुका होतात त्याही इथेच. इंजिन बंद असताना दिवे, ब्लोअर, म्युझिक सगळं बॅटरीवर चालतं, आणि हे दिवसातून कित्येकदा. साध्या बॅटरीच्या प्लेटवरचा लेप या सततच्या उतार-चढावाने सुटत जातो. म्हणून ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. ईएफबीमध्ये पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरची जाळी असते. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि प्लेटा दाबून बसवलेल्या असतात. दोन्ही साध्यापेक्षा महाग, त्यात एजीएम जास्त. बदलताना एजीएमच्या जागी एजीएमच घ्या. ईएफबीच्या जागी एजीएम चालू शकते, पण तापलेल्या इंजिनाशेजारी बॅटरी असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल पाहा, एजीएमला उष्णता सोसत नाही. पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवली, तर ती वेळेआधीच बसते आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

नुसती बॅटरी बदलून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो, त्यामुळे जंप-स्टार्टची किंवा चार्जरची काळी क्लिप टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. तसं न केल्यास सेन्सरचं गणित चुकतं. स्टार्ट-स्टॉप अचानक काम करेनासं झालं तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. पूर्ण भरलेली एजीएम 12.8 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली असेल तर एजीएम मोड असलेल्या चार्जरने भरा. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी हे अधूनमधून करावंच, कारण तेवढ्या अंतरात खर्च झालेली वीज भरून निघत नाही.

स्टार्टर मोटरबद्दल लोक उगाच घाबरतात. ती मुळातच जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेली असते. मात्र निकामी झाली तर साध्या स्टार्टरपेक्षा महाग पडते.

हे सगळं पहिल्या मालकाला फारसं जाणवत नाही. चार-पाच वर्षांनी गाडी विकली जाते, आणि बॅटरी, स्टार्टर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्याला नवी गाडी परवडली नाही त्याच्या. नियमांचा हा सामाजिक भार चर्चेत फार कमी येतो. नवी गाडी महागली की लोक जुनी जास्त वर्षं वापरतात, आणि तीच जास्त धूर सोडते, हे अर्थशास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रुएनस्पेक्ट यांनी 1982 मध्येच मांडलं होतं.

खरी मोठी बचत कुठे आहे हेही किलोमीटर-प्रति-लिटरच्या आकड्यात लपतं. 10 चं 12 झालं तर 10,000 किलोमीटरमागे 167 लिटर वाचतात. 20 चं 24 झालं, सुधारणा तेवढीच 20 टक्के, तरी वाचतात फक्त 83. तरीसुद्धा युरोपात 2024 पर्यंत जड गाड्या बनवणाऱ्या कंपनीला सैल मर्यादा मिळत होती, आणि अमेरिकेत पिकअप आणि बऱ्याच एसयूव्हींसाठी मर्यादा वेगळी आणि सैल ठेवली गेली. आधीच कमी पिणाऱ्या छोट्या गाडीवर एकेका ग्रॅमसाठी महाग भाग चढवायचे आणि जड गाडीला मोकळीक द्यायची, हे अन्यायाचं आहे.

वापरलेली स्टार्ट-स्टॉप गाडी घेत असाल तर बॅटरीवर ईएफबी की एजीएम लिहिलंय ते आणि तिची तारीख पाहा. मग इंजिन गरम झाल्यावर एसी बंद ठेवून तीन-चार वेळा थांबा. एकदाही इंजिन बंद झालं नाही, तर आधी बॅटरी तपासून घ्या आणि ती उतरलेली निघाली तर नव्या योग्य बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा.