रशच्या भालाइतांचा भाला: हत्यार देखणं, मुलूख चुकीचा

5 पैकी 2 गुण. तेही मोकळ्या माळावरच्या एका धडकेसाठी.

1861 मध्ये, अमेरिकन यादवी युद्धाच्या सुरुवातीला, फिलाडेल्फियात उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूनं सहावी पेनसिल्व्हेनिया घोडदळ ही स्वयंसेवकांची रेजिमेंट उभी राहिली. कर्नल रिचर्ड रश आणि सेनापती जॉर्ज मॅक्लेलन हे वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतले वर्गबंधू. क्रिमियन युद्धाच्या काळात युरोपातली सैन्यं पाहून आलेल्या मॅक्लेलननी भाला सुचवला आणि रेजिमेंटनं तो घेतला. तिला ‘रशचे भालाईत’ हे नाव पडलं ते यामुळेच.

भाला ऑस्ट्रियन धाटणीचा, लांबी 9 फूट. पातं 11 इंची, तीन धारांचं. काठी नॉर्वेच्या फर या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाची, जेमतेम सव्वा इंच जाडीची. बुडाला शेंबी आणि तोल साधणारं वजन, पात्याखाली दुटोकी लालभडक पताका. एकूण वजन पाच पौंडांच्या आत, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. संचलनात याच्यापुढे दुसरं काही नजरेत भरत नसे. आपल्याकडे भाल्याला बांबू वापरत; तो वाकतो, फर लाकूड मोडतं.

चालवायचा कसा? बूड उजव्या रिकिबीजवळच्या खोबणीत, पट्टा दंडात. धडकेच्या वेळी काठी काखेत दाबून टोक पुढे रोखायचं आणि डाव्या हातात लगाम. याला तीन गोष्टी लागतात: गुडघ्याला गुडघा लावून धावणारी रांग, एका हाताला वळणारा मुरलेला घोडा आणि समोर सपाट जमीन. नव्या स्वयंसेवकांकडे पहिल्या दोन गोष्टी यायला महिने लागतात. तिसरी व्हर्जिनियात क्वचितच मिळायची. तिथे दाट झाडी, अरुंद रस्ते, नागमोडी लाकडी कुंपणं. पताका फांद्यांत अडकते, काठी झाडांत वळवता येत नाही, आणि पहाऱ्यावरच्या स्वाराचा लाल रंग शत्रूला लांबूनच दिसतो.

खरी खोट मात्र वेगळीच. या युद्धात घोडदळ बरेचदा पायउतार होऊन लढलं: चौघांतला एक जण घोडे धरून मागे थांबायचा, तिघं कुंपणाआडून गोळीबार करायचे. तिथे नऊ फुटी काठीचा उपयोग शून्य, आणि कमरेचं पिस्तूल रायफलीसमोर पुरं पडत नाही. म्हणून टेहळणी आणि पहाऱ्यासाठी दर कंपनीला बारा कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली, द्याव्या लागल्या. हत्यार निवडण्यातली चूक तिथेच कबूल झाली होती. तरी भाले परत जायला मे 1863 उजाडला.

बदली आलेल्या शार्प्स कार्बाइनला माझे 4 गुण. दस्त्याखालची कडी खाली ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा खाली सरकतो. .52 कॅलिबरचं कापडी किंवा कागदी काडतूस आत सारायचं, कडी वर घ्यायची. ठोकळ्याची धार काडतुसाचं शेपूट छाटते आणि दारू उघडी पडते. ठिणगी पाडणारी टोपी चढवा, बंदुकीचा घोडा मागे ओढा, चाप दाबा. सरावलेला हात मिनिटाला आठ-दहा बार काढतो, तेही आडवं पडून. एक गुण कापला तो असा: ठोकळ्याच्या फटीतून वायू निसटतो, काजळी साचून कडी जड होते, आणि घोड्याच्या हिसक्यांनी पेटीतली काडतुसं फुटतात.

(वाचकांसाठी एक खूण: उत्तरेच्या स्वाराला घोडा सरकारी, म्हणजे तो बारगीर. दक्षिणेचा स्वार घरचा घोडा आणायचा, म्हणजे शिलेदार. घोडा मेला आणि दुसरा मिळवता आला नाही की त्याची रवानगी पायदळात.)

भाल्याची बाजू घेणारे 9 जून 1863 च्या, व्हर्जिनियातल्या ब्रँडी स्टेशनच्या लढाईकडे बोट दाखवतात. भाले टाकून महिनाही झाला नसेल, आणि या रेजिमेंटनं सेंट जेम्स चर्चजवळच्या तोफांवर मोकळ्या शेतातून तलवारी उपसून धडक दिली. मेजर रॉबर्ट मॉरिस तिथे शत्रूच्या हाती सापडले. मैदान भाल्याचं होतं हे खरं, पण त्या शेतात चर होते. रोखलेल्या भाल्यानिशी चरावरून उडी घेताना टोक समोरच्या काठात रुतलं असतं, तर काठी तरी मोडली असती, नाहीतर स्वार खोगिरातून उखडला असता.