पुस्तक कुठून घ्यावं: चौकातून की मोबाइलवरून?

आधीच सांगून टाकतो: मी पुण्यात पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकापासून चालत वीस मिनिटांवर राहतो, तेव्हा माझं माप दुकानाकडे थोडं झुकणारच. पण मोबाइलवरूनही मी पुस्तकं मागवतो आणि त्याची लाज वाटत नाही.

किमतीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथेच अडतात. खपाऊ इंग्रजी पुस्तक मोठ्या साइटवर स्वस्त पडतं, त्यात वाद नाही. दुकानदाराला प्रकाशकाकडून साधारण २५ ते ४० टक्के कमिशन सुटतं. त्यातूनच भाडं, पगार, वीजबिल. तो साइटइतकी सूट देऊ लागला तर शटरच ओढावं लागेल. मात्र मराठी पुस्तकांचा हिशेब कधी कधी उलटा निघतो. छापील किंमत २५० असलेलं एक पुस्तक मला साइटवर ४१० ला दिसलं, वर घरपोच खर्च वेगळा. विकणारा कुणी मधलाच होता. बहुधा ऑर्डर आल्यावर चौकातूनच उचलून पाठवणारा. मी ते दुकानातून १० टक्के सुटीने २२५ ला आणलं. तेव्हा मराठी पुस्तक मागवताना मागच्या कव्हरावरची किंमत एकदा विचारून घ्याच.

शोधण्याचं म्हणाल तर नाव पक्कं ठाऊक असेल तर साइट उत्तम. पण मराठी नाव रोमन लिपीत कुणी कसं टाकलंय याचा नेम नसतो, आणि देवनागरीत एक वेलांटी चुकली की 'काहीही सापडले नाही'. दुकानदाराला तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाशी देणंघेणं नसतं. 'ते पिवळ्या कव्हरचं, कोकणातल्या शाळामास्तरांच्या आठवणींचं' एवढ्यावर आतून पुस्तक आलेलं मी पाहिलंय. सगळीच दुकानं अशी नसतात, हेही खरं. चौकातली बरीचशी काउंटरवाली. नाव सांगा, पैसे द्या, निघा. 'नुसतं बघतोय' म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. पार्किंगबद्दल न बोललेलंच बरं.

खरा फरक कळतो तो पुस्तक खराब निघाल्यावर. एका कादंबरीत ९६ नंतर थेट ११३ वं पान आलं. सोळा पानांचा अख्खा फर्माच गायब! आपण आणलेलं पुस्तक लगेच वाचतो थोडंच? महिनाभराने हात लागला. दुकानदाराने बिलसुद्धा मागितलं नाही. दुसरी प्रत काढली, चाळली, तीही तशीच; तिसरी धड निघाली. मग उरलेला गठ्ठा खाली घेऊन बसला, आणि मी चहा पिऊन निघालो. असंच एक पुस्तक साइटवरून घेतलं होतं. तिथे परत करायची मुदत सात दिवसांची, ती केव्हाच उलटली होती.

चोरट्या आवृत्त्यांचा धोकाही साइटवरच्या अनोळखी विक्रेत्यांकडे जास्त. कागद पातळ, छपाई मिणमिणीत, लेखकाच्या हाती शून्य. फुटपाथवरही हाच माल असतो, पण तिथे निदान हातात घेऊन बघता येतं.

सूट हा ऑनलाइनवाल्यांचा शोध आहे असं मात्र समजू नका. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल घसघशीत सुटीसाठीच प्रसिद्ध होतं. २०१८ मध्ये ते बंद झालं. पुण्यातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान त्याआधीच, २०१२ मध्ये मिटलं. आता सूटच हवी असेल तर प्रकाशनपूर्व सवलत बघा, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात चक्कर मारा.

म्हणून माझी वाटणी अशी: इंग्रजी आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, घाई असेल तर, साइटवरून. मराठी, लहान मुलांची, भेट द्यायची पुस्तकं दुकानातून. मुलांना तर दुकानात सोडूनच द्यावं. ई-बुक चालत असेल किंवा सिएटलला बसून मराठी वाचायचं असेल तर बुकगंगासारखी मराठी साइट सोयीची.

आणि तुम्ही सावंतवाडीला किंवा उदगीरला असाल तरी पुण्या-मुंबईचं दुकान तुम्हाला बंद नाही. फोन करून विचारा. व्हॉट्सॲपवर यादी घेऊन गठ्ठा कुरियरने पाठवणारे दुकानदार आहेत, पैसे यूपीआयने घेतात. फक्त जूनमध्ये करू नका. शाळांच्या पुस्तकांच्या गर्दीत फोन उचलायलाही कुणाला सवड नसते.