ओव्हरफ्लो प्लंबिंग: काम एक नंबर, वेळेच्या नावाने बोंब

नाशिकमध्ये माशांच्या टाकीला होल मारून खाली संप (फिल्टरची खालची टाकी, वरून ओव्हरफ्लो झालेलं पाणी तिच्यात येतं आणि पंप ते परत वर चढवतो) जोडून देणारा माणूस शोधायला जा, निम्मे दुकानदार कॅनिस्टर फिल्टरच (बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर) गळ्यात मारतात. शेवटी शालिमारकडच्या एका दुकानातून करून घेतलं, तक्रारही आहे म्हणून नाव टाकत नाही. टाकी चार बाय दीड बाय दोन फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर ३४० लिटर.

आधी तक्रार. सकाळी येतो म्हणाले आणि दुपार टळल्यावर उगवले, फोन केला की "निघालोच दादा, द्वारकेला अडकलोय". द्वारकेचं ट्रॅफिक आपल्याला माहितीये म्हणून गप्प बसलो.

पण कामाला बसल्यावर पोराचा हात बघण्यासारखा होता. पहिल्यांदा काच टफन (तापवून कडक केलेली) नाही ना ते तपासलं, कारण टफन काचेला ड्रिल लावलं की चुरा, मग डायमंड बिटवर पाणी सोडत सोडत निवांत होल मारली. बीन अ‍ॅनिमल नावाचं तीन पाईपवालं ओव्हरफ्लो केलं: एक पूर्ण भरून वाहणारा सायफन, दुसऱ्यातून जेमतेम धार, तिसरा कोरडा, फक्त तुंबल्यावर कामाला येणारा.

सायफनच्या पाईपवरच्या व्हॉल्व्हची अ‍ॅडजस्टमेंट हा खरा खेळ आहे आणि इथे बॉल व्हॉल्व्ह डोकं खातो, केसभर हलवला की एकदम फरक पडतो. तो म्हणाला "दादा सगळे बॉलच लावतात", मी म्हटलं गेट व्हॉल्व्हच पाहिजे, तो हळूहळू फिरवता येतो. त्यात पण भानगड अशी की हार्डवेअरवाल्याकडे गेट व्हॉल्व्ह मागितला की तो पितळी हातात देतो, पितळेत तांबं असतं आणि माझ्याकडे कोळंबी आहेत, तांबं त्यांच्यासाठी विषच. प्लास्टिकचा ऑनलाईन मागवला, महाग पडला पण वसूल. व्हॉल्व्ह थोडा आवळला की ओव्हरफ्लो बॉक्समधली (टाकीचं पाणी जिथून पाईपांत उतरतं तो कप्पा) पातळी चढते, सैल केला की उतरते आणि पाईप हवा ओढून घोरायला लागतो, त्यामुळे जरासा फिरवायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग परत. दुसऱ्या पाईपातून बारीक धार दिसली की हात काढायचा. पोराने हे सगळं न कंटाळता केलं, तोवर आमच्याकडे दोनदा चहा झाला. सायफनचं खालचं तोंड संपच्या पाण्यात इंचभरच बुडवलं, जास्त खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लवकर धरतच नाही.

मग लाईट गेल्याची टेस्ट. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कशी असते ते काय सांगायचं. पंप बंद केला की टाकीतलं वरचं पाणी संपमध्ये उतरतं, या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे जवळपास १४ लिटर, शिवाय रिटर्न पाईप (पंपाचं पाणी वर टाकीत नेणारा) उलटा ओढतो ते वेगळंच. त्याने पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली रिटर्नला बारीक छिद्र पाडून ठेवलंय, तिथून हवा शिरली की ओढणं थांबतं. संप काठापर्यंत आला नाही. छिद्र शेवाळाने बुजतं तेवढं मधेमधे काडीने साफ करा.

आवाज म्हणाल तर हॉलमध्ये पंख्याचाच जास्त येतो. मजुरी थोडी चढी वाटली, घासाघीस करा, कमी करतात. पण टेस्ट समोर उभं राहून करून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका आणि सकाळचा टाईम दिला तर दुपार मोकळी ठेवा.